संचातील पाणबुडी आणि खरी पाणबुडी

गतवर्षी शाळेत भरलेल्या हस्तकला-प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून आम्हां तिघा शिक्षकांची नेमणूक झाली होती. त्या कामी आमच्या हातून एक अन्याय घडला. तो कोणा एकट्याचा नव्हे, तिघांचा. परंतु गुणांची वही आमच्या हाती असल्यामुळे त्याचा मोठा वाटा आमच्याच पदरी येतो. ज्याच्यावर तो घडला त्या विद्यार्थ्याने तक्रार केली नाही, आणि म्हणूनच त्याविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इयत्ता नववीतील त्या मुलाने प्लॅस्टिकची पाणबुडी मांडली होती. बाजारात अशा वस्तूंचे तयार संच मिळतात, हे आमच्या बालवाचकांस सांगावयास नको. पेटीत सुटे भाग असतात, सोबत आकृत्यांचा कागद असतो; क्रमांकाप्रमाणे भाग चिकटवीत जावे, रंग द्यावा, की वस्तू तयार. हा संच फॉक्सट्रॉट नावाच्या रशियन वर्गाच्या पाणबुडीचा होता. प्रमाण १:३५०, म्हणजे खऱ्या बोटीचे साडेतीन मीटर ते येथे एक सेंटिमीटर. आपल्या आरमाराच्या पहिल्या पाणबुड्या याच वर्गाच्या. ‘कलवरी’ १९६७ च्या डिसेंबरात आरमारात दाखल झाली. तिच्यामागून १९६८ साली ‘खांदेरी’ आणि १९६९ साली ‘कुरसुरा’ आली.

मुलाची पाणबुडी चकचकीत नव्हती. सांध्यावर लांबी भरून घासल्याच्या खुणा जवळून पाहिल्यास दिसत होत्या. एका बाजूस ओळीने बारीक भोके होती, दुसऱ्या बाजूस भोकांच्या जागी नुसते खळगे. आणि पुढे एक पुठ्ठ्याचे कार्ड उभे केले होते. त्यावर मुलाने स्वच्छ अक्षरात लिहिले होते : ‘डावी बाजू पाहिलेली नाही. म्हणून संचात होती तशी ठेवली आहे.’

आम्ही ते कार्ड वाचले, आणि ‘काम अपुरे’ असा शेरा मारून गुण कापले. पहिले बक्षीस एका झळझळीत विमानास गेले. त्या विमानाच्या कर्त्याने मेहनत घेतली होती, त्याचे श्रेय हिरावून घेण्याची आमची इच्छा नाही. परंतु अपुरेपणा कबूल करणाऱ्याचे गुण कापावयाचे आणि तो झाकणाऱ्यास शाबासकी द्यावयाची, हा न्याय आम्ही कोठून शिकलो, असा प्रश्न त्या रात्री वही मिटताना मनात आला आणि तो अद्याप गेलेला नाही.

पुढे पंधरा दिवसांनी मुलाचे वडील भेटावयास आले. आम्हांस वाटले, गुणांविषयी बोलणार. परंतु ते आले होते मुलाची वही दाखविण्यास. ते कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न विभागात काम करतात. (‘पंचतारांकित’ हे विशेषण आपण एरव्ही श्रीमंत उपाहारगृहांस लावतो, आमच्याकडील पुष्कळ घरांतून मात्र तो शब्द निघाला की डबा, सायकल आणि पाळी यांचीच आठवण होते.) फाउंड्रीत लोखंडाचा रस ओतण्यापूर्वी वाळूत जो पोकळ ठसा उठवावा लागतो, तो उठविण्यासाठी लाकडाची किंवा धातूची हुबेहूब वस्तू करितात, तिला पॅटर्न म्हणतात. ती करणारा कारागीर हा सुतारांतला गणिती होय. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसते, म्हणून त्याच्या हातातील पट्टीच मुळी तेवढी वाढवून आखलेली असते. एक मीटर लांबीची वस्तू हवी असेल तर तो एक हजार दहा मिलिमीटरांचा पॅटर्न करितो. बाहेरच्यास ती चूक वाटेल. त्याचे बरोबर येणे मात्र त्या हिशेबी चुकीवरच अवलंबून असते.

या गृहस्थांनी मुलाचा संच प्रथम पाहिला तेव्हाची हकीकत त्यांनी आपल्या कोल्हापुरी बोलीत सांगितली. पेटी उघडताच सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून आले होते तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “अरं, ह्यो तर रनर!” फाउंड्रीत वितळलेला रस ज्या वाटेने साच्यात शिरतो ती वाट म्हणजे रनर. प्लॅस्टिकचेही तसेच आहे. मग ते मुलाशेजारी बसले आणि साचा कोठे उघडला असेल, रस कोठून आत आला असेल, हे एकेक भाग हातात घेऊन त्यास सांगू लागले. मुलाने छायाचित्रांशी ताडून संचातील चुकांची यादी केली होती. ती वाचून ते जे बोलले ते आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो : “सर, ह्यातल्या निम्म्या चुका अडाणीपणाच्या न्हाईत, साच्याच्या हाईत. साचा सरळ वढून काढायचा असतोय. जितं सरळ निघतोय तितं नक्षी उठती, कडंला मरती.”

हे वाक्य आम्ही शास्त्राचे शिक्षक असूनही आम्हांस नवे होते. पाणबुडीचे अंग उजवे व डावे अशा दोन अर्ध्या सालींत ओतलेले असते. साचा बाजूने काढतात, म्हणून बाजूवरचा तपशील ठसठशीत येतो. वरच्या डेकच्या कडेशी तो पुसट होत जातो, आणि डेकच्या मधोमध दोन सालींचा सांधा येतो, जो खऱ्या बोटीस नसतो. भाग साच्यातून अडकल्यावाचून सुटावा म्हणून उभ्या भिंतींस किंचित उतार द्यावा लागतो, म्हणून जे काटकोनात असावयास हवे ते थोडे कललेले असते. आणि प्लॅस्टिकचा रस फार बारीक फटीत शिरत नाही, म्हणून पातळ वस्तू जाड होतात. या तिसऱ्या दोषाचा हिशेब मुलाने वहीत मांडला होता. संचातील सालीची जाडी दीड मिलिमीटर. तिला साडेतीनशेने गुणावे : सव्वापाचशे मिलिमीटर! म्हणजे संच जर खरा मानला, तर या बोटीचे बाहेरचे पत्रे अर्ध्या मीटरहून जाड ठरतात. पंख्याची पाती आठ दशांश मिलिमीटर जाड. खऱ्या मापात अठ्ठावीस सेंटिमीटर. असला पंखा पाणी कापणार नाही, घुसळील.

आता त्या भोकांविषयी. आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यांत आहे. फॉक्सट्रॉट वर्गाच्या पाणबुडीस दोन अंगे असतात. आतले जाड पोलादी अंग माणसांचे व यंत्रांचे; ते पाण्याचा दाब सोसते. समुद्रात दर दहा मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. ही बोट सुमारे अडीचशे मीटर खोल जात असे, म्हणजे पंचवीस वातावरणांचा भार आतल्या अंगावर पडे. बाहेरचे अंग पातळ असते. त्याच्या व आतल्या अंगाच्या मधील जागेत पाणी भरण्याच्या टाक्या असतात. आणि डेकखालची पोकळी तर समुद्रास मोकळीच ठेवलेली असते. बोट बुडी मारते तेव्हा भोकांतून पाणी आत धावते व हवा बाहेर पडते. वर येते तेव्हा त्याच भोकांतून पाणी निथळून जाते. आत बाहेर पाणी सारखेच असल्यामुळे त्या पातळ पत्र्यावर दाबाचा भार पडत नाही. भोके बुजविली तर कोंडलेली हवा बोटीस खाली जाऊ देणार नाही, आणि बळेच खाली नेली तर तो पत्रा चिरडला जाईल.

संचात या भोकांच्या जागी खळगे होते. वरून काळा रंग भरला की ते भोकांसारखे दिसतात, आणि दहा जणांतील नऊ जण तेवढ्यावर समाधान मानतात. या मुलास मात्र चैन पडेना. त्याने आम्हांस मागाहून सांगितले, “सर, ही बोट बुडीच मारू शकली नसती.” आर्किमिडीजचा सिद्धान्त आम्ही वर्गात किती वर्षे शिकवीत आहो! त्या सिद्धान्तावाचून एखाद्या मुलाची झोप उडाल्याचे हे पहिलेच उदाहरण आमच्या पाहण्यात आले.

मग त्याने काय केले? प्रथम साल आतून कानशीने व पॉलिश पेपरने झिजवून भोकांच्या ओळीपाशी शक्य तेवढी पातळ केली. आरपार जाऊन दोन ठिकाणी ती फुटली. तेथे पाठीमागून तुकडा लावून पुन्हा आरंभ केला. मग हाताने फिरवावयाच्या बारीक ड्रिलने एकेक खळगा मोकळा केला. पंख्यांची पाती झिजवून कागदाइतकी आणली. फॉक्सट्रॉटला तीन पंखे असतात, म्हणजे हे काम तीनदा. डेकवरील कठड्याचा प्रश्न त्याहून अवघड. विजेच्या वायरीतील तांब्याची बारीक तार दोन दशांश मिलिमीटरांची. साडेतीनशेने गुणली तर सत्तर मिलिमीटर, म्हणजे कठडा मनगटाएवढा जाड. येथे शेजारच्या हुपरीने हात दिला. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांची कीर्ती सर्वश्रुत आहे. तेथील एका कारागिराने पोलादी पट्टीच्या लहान लहान भोकांतून चांदी ओढून दशांश मिलिमीटराची तार वीतभर दिली, आणि पैसे घेतले नाहीत. अंगठ्याएवढ्या चांदीच्या तुकड्यातून केसाएवढी तार निघते, हा धातूंचा तन्यतेचा गुण पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकला जातो; मुलाने तो डोळ्यांनी पाहिला.

आधारासाठी त्याने ‘कुरसुरा’ निवडली, यातही विचार होता. वर्गमित्रांचा व घरच्यांचा आग्रह ‘खांदेरी’ या नावाचा होता. ते स्वाभाविकच. शिवाजी महाराजांनी १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी बेटावर बांधविलेल्या जलदुर्गाचे ते नाव. कोल्हापूरच्या मुलाच्या मनात ते नाव निनादणारच. माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुडीसही २०१९ साली तेच नाव मिळाले. परंतु १९६८ ची ‘खांदेरी’ आज कोणास पाहता येत नाही. ‘कुरसुरा’ मात्र २००१ साली निवृत्त झाल्यावर विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर आणून ठेविली आहे आणि २००२ पासून ती सर्वांस पाहण्यास खुली आहे. “जी बघता येते तीच करतो,” असे मुलाने ठरविले. आवडते नाव सोडून पुराव्याच्या बाजूस जाणे मोठ्यांसही सहज साधत नाही.

विशाखापट्टणास तो स्वतः गेला नाही; इतके पैसे कोठून आणावेत? त्याचे मामा कामानिमित्त तिकडे गेले होते. भाच्याने त्यांस बजावून ठेविले होते की, नुसती बोट टिपू नका, बोटीशेजारी स्वतः उभे राहा. मामांस वाटले, भाच्यास आपली आठवण हवी. भाच्यास हवी होती ती मामांची उंची! एकशे अडुसष्ट सेंटिमीटर उंचीचा मनुष्य शेजारी असला की छायाचित्रातील भोकाचे माप त्रैराशिकाने काढता येते. बोटीची लांबी ९१·३ मीटर, हे प्रसिद्धच आहे. संचाची लांबी त्या हिशेबाने २६ सेंटिमीटर यावयास हवी, आणि ती तशी होती. म्हणजे संच करणाऱ्यांनी मुख्य माप अचूक ठेवले होते, हेही मुलाने प्रामाणिकपणे वहीत नोंदविले आहे.

मामांस घाई होती. त्यांनी उजव्या बाजूनेच छायाचित्रे घेतली. डावी बाजू उजवीसारखीच असेल, असे आपण कोणीही गृहीत धरले असते. आम्ही तर निश्चित धरले असते. मुलाने धरले नाही. ते कार्ड जन्मास आले ते असे.

आणखी एक पेच त्याने आपल्या बुद्धीने सोडविला. आज किनाऱ्यावर उभी असलेली ‘कुरसुरा’ म्हणजे समुद्रावरची ‘कुरसुरा’ नव्हे. प्रेक्षकांस आत जाता यावे म्हणून तिला जिने व दारे जोडली आहेत. प्रत्यक्ष वस्तू समोर असूनही तिचे सर्वच खरे मानावयाचे नाही, आधी काय होते व मागाहून काय जोडले गेले हे निवडावयाचे, ही इतिहासकाराची रीत आहे. मुलाने ती दारे आपल्या प्रतिकृतीत केली नाहीत आणि का केली नाहीत ते लिहून ठेविले. सनावळ्या पाठ करणाऱ्या आमच्या वर्गात या एका नोंदीइतका इतिहास क्वचितच शिकला गेला असेल.

या सगळ्यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. एका पालकांनी आम्हांस विचारले, “कापावयाचेच होते तर विकत कशास घेतले?” दहावी उंबरठ्यावर आली असताना भोके पाडण्यात महिने घालवावेत काय, असे दुसऱ्यांचे म्हणणे. आमचे उत्तर असे की, ज्या मुलास अद्याप भाग सरळ चिकटवता येत नाही त्याने कागदावरील क्रमांकच पाळावेत. लहानांच्या हाती करवत देऊन आम्ही त्यांचा आनंद नासविणार नाही. शिवाय अचूकपणाचेही व्यसन लागते. एका भोकापायी साऱ्या पाणबुडीस विटणारे प्रौढ आम्ही पाहिले आहेत. परंतु ज्याचा हात बसला आहे त्याने संच निमूटपणे जोडीत राहावे, हे आम्हांस मान्य नाही. तयार संच म्हणजे दुसऱ्याने आधीच सोडवून ठेविलेले उदाहरण. ते जसेच्या तसे उतरून काढण्यास आपण वर्गात कॉपी म्हणतो. प्रदर्शनात त्यालाच बक्षीस देतो.

तिसरा आक्षेप आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा, आणि तो आम्हांस खरोखर अडवितो. तलवारींचे फाळ होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या यशया संदेष्ट्याचा ग्रंथ ज्या शाळेत उपासनेच्या वेळी वाचला जातो, तेथे मुलांनी संहाराचे यंत्र इतक्या प्रेमाने घडवावे काय? यावर हजरजबाबी उत्तर आमच्यापाशी नाही. इतकेच सांगतो की, त्या मुलाने मनोऱ्यापाशी एक माणूस उभा केला आहे. १:३५० च्या प्रमाणात माणूस पाच मिलिमीटरांचा होतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. तो उभा केल्यावर त्याने वहीत लिहिले, ‘अशी सुमारे पंचाहत्तर माणसे आत.’ मग त्याने १९७१ चे युद्ध वाचून काढले. त्या वेळी ‘कुरसुरा’ अरबी समुद्रात गस्त घालीत होती. त्याच समुद्रात ९ डिसेंबर रोजी पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडविली. अठरा अधिकारी व एकशे शहात्तर नौसैनिक तिच्याबरोबर गेले, आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी बोट सोडली नाही. २०१३ च्या १४ ऑगस्टला मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन अठरा जण मेले, तेव्हा तर युद्धही नव्हते. पेटीवरील चित्रात लाटा उसळत असतात, आकाश तांबडे असते, आणि माणूस एकही नसतो. तो पाच मिलिमीटरांचा माणूस संचात नव्हता. मुलाने तो चौकटीच्या उरलेल्या प्लॅस्टिकमधून कोरला. आमच्या सहकाऱ्यांनी ती नोंद वाचून वही बराच वेळ हातात धरिली. त्यांचे मत बदलले असे आम्ही म्हणणार नाही, कारण ते बदललेले नाही.

या वर्षीच्या प्रदर्शनासाठी आम्ही मुख्याध्यापकांस एक विनंती केली आहे. संचावरून केलेल्या प्रत्येक प्रतिकृतीबरोबर वही मागावी : संचात काय चुकले होते, ते कशावरून कळले, काय दुरुस्त केले, काय राहिले. गुणांपैकी निम्मे वहीस द्यावेत. आणि परीक्षकांत एकजण तरी शाळेबाहेरचा, हाताने वस्तू घडविणारा असावा. मुलाच्या वडिलांस आम्ही त्याविषयी विचारले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, “आमी कसलं परीक्षक, सर? आमचं शिक्षान न्हाई तेवढं.” आमचा प्रभू सुताराच्या घरी वाढला, याची आठवण त्यांस आम्ही करून दिली. ते हसले, परंतु होकार त्यांनी अद्याप दिलेला नाही. पालकवर्गापैकी ज्यांची त्यांच्याशी पाळीवर गाठ पडत असेल त्यांनी आमच्या वतीने आग्रह करावा.

पाणबुडी सध्या शास्त्राच्या खोलीत, काचेच्या कपाटात आहे. गेल्या महिन्यात मुलाच्या ओळखीचे कोणी विशाखापट्टणास जाऊन आले आणि डाव्या बाजूची चार छायाचित्रे त्यांनी आणून दिली. त्यांतील दोन हललेली आहेत. उरलेल्या दोहोंवरून मधल्या खळग्यांचे माप निघाले. पुढील व मागील टोक अद्याप दिसत नाही. मधली भोके त्याने परवा मोकळी केली, आणि जुने कार्ड काढून नवे ठेविले : ‘डावी बाजू : मधला भाग पाहिला. दोन्ही टोके पाहिलेली नाहीत.’